काचेच्या कोपऱ्यातून गेलेलं हसू

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते तेही सांगता येत नाही, कारण हे कोणाला दाखवायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, रिठदला, माहेरी. त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. आता दुपारी पोरी जेवायला घरी गेल्या की अभ्यासिकेत मी एकटीच असते, आणि त्यांनी टाकून दिलेल्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू असतात. ओळ सरळ लिहायला घेते, पण ती शेळीसारखी बांधावर चढत जाते. चढू दे. मला एक गोष्ट आठवते आणि हसू येतं. भाकरी थापताना येतं, फरशी पुसताना येतं. एकटीनं किती हसावं? म्हणून लिहून टाकते.

ही अभ्यासिका माझ्या नणंदेची. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. रिटायर झाली तेव्हा कामरगावात रोडला लागून असलेल्या तिच्या जागेवर तिनं एक हॉल बांधायला काढला. सगळ्यांना वाटलं, दुकानाचे गाळे काढते, भाडं खाईल आरामात. ती म्हणाली, "पोरी बसतीन इथी. अभ्यास करतीन." गावातल्या पोरी पोलीस भरतीचा, तलाठ्याचा, नर्सिंगचा अभ्यास करतात, पण घरी पुस्तक उघडलं की कोणीतरी म्हणतंच, चहा मांड. नणंदेला ते माहीत होतं. तिनं स्वतः गोठ्यात बसून अभ्यास केला होता.

मी तिच्या धाकट्या भावाची बायको. झाडणं, पाणी भरणं, कुलूप काढणं-लावणं माझ्याकडे. माझा नवरा कारंज्याच्या एका मालकाचा ट्रक चालवतो, हंगाम असेल तशी संत्री नाही तर सोयाबीन. आठवड्यातून दोन-तीनदा तो अभ्यासिकेसमोरून जातो आणि जाताना माझ्यासाठी हॉर्न वाजवतो. त्या ट्रकचा हॉर्न अर्धा बिघडलेला आहे. सुरुवात चांगली होते, लग्नातल्या बँडसारखी, आणि शेवटी रेड्याच्या शेपटीवर कोणी पाय द्यावा तसा आवाज निघतो. सगळ्या गावाला तो हॉर्न माहीत आहे. तो वाजला की बाया म्हणतात, "आला वं तुहा."

मी लाजरी आहे. दुकानात साखर घ्यायची तर आधी बाकीची गिऱ्हाइकं जाऊ देते. पण हसू मला फार लवकर येतं आणि आलं की थांबत नाही. लग्न होऊन आले तेव्हा घर एका खोलीचं. सासरे भिंतीला टेकून बसलेले असायचे आणि मला कशानंही हसू फुटायचं. सासू म्हणाली, "हासू आलं त कोपऱ्याले सांग." म्हणजे उठायचं, भिंतीच्या कोपऱ्यात तोंड घालायचं, पदर तोंडात कोंबायचा आणि हसून घ्यायचं. तिलाही तिच्या सासूनं हेच शिकवलं होतं. कधी कधी आम्ही दोघीही एकाच वेळी एकाच कोपऱ्यात असायचो आणि सासरे विचारायचे, "तिकडं काय पाहून राह्यल्या वं दोघी?" सासू म्हणायची, "पाल." इतक्या वर्षांत आमच्या घरात इतक्या पाली निघाल्या. सासू गेली, सासरे गेले, पण सवय राहिली. अजूनही हसू आलं की माझे पाय आपोआप जवळचा कोपरा शोधतात.

आता काचेचं सांगते. हॉल उभा राहिला, पण समोरची बाजू मोकळी होती आणि समोर रोड. ट्रक, ट्रॅक्टर, काळीपिवळी जीप, एसटी, लग्नसराईत डीजे. विटांची भिंत घातली तर हॉलमध्ये अंधार. मग कारंज्याहून काचेचं काम करणारा एक माणूस आला. गोड बोलणारा, तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. तो म्हणाला, "ताई, पूर्ण समोरून काच लावू. तेही डबल. दोन काचाच्या मधात हवा बंद. रोडवर वरात नाचली तरी आतमधल्या पोरीचं गणित चुकनार नाई."

डबल काचेला पैसे जास्त होते आणि नणंदेचे सगळे पैसे हॉलमध्ये गेले होते. आम्ही दोघी एकाच बचत गटात आहोत. गट बुद्धविहारात बसतो. नणंदेनं तिथं कर्ज मागितलं. काचेसाठी कर्ज कोणी कधी मागितलं नव्हतं. म्हशीसाठी मागतात, शिलाई मशीनसाठी मागतात. आमच्या गटाचा नियम असा की प्रत्येक कर्जाला गटातलीच एक जामीन पाहिजे, आणि दर महिन्याचा हप्ता त्या जामिनानं स्वतः आणून द्यायचा, सगळ्यांसमोर उभं राहून रक्कम मोठ्यानं सांगायची. हप्ता चुकला तर भरणारही तीच. नणंदेनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, कारण मी बोलणार नाही हे तिला माहीत होतं. आणि मी उभी राहिले. कशी राहिले ते मला आजही कळत नाही. "मी राहतो जामीन," मी म्हणाले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "काय म्हणे ते? ऐकू नाई आलं." मला पुन्हा म्हणावं लागलं. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

काच लागली आणि गावात गंमत सुरू झाली. ती काच अशी की दिवसा बाहेरून पाहिलं तर आरसा, आतून पाहिलं तर सगळं दिसतं. हे बाहेरच्यांना कित्येक दिवस कळलंच नाही. एसटीची वाट पाहणारे लोक समोर यायचे आणि केस विंचरायचे. एक गुरुजी रोज दात बघायचे, वरचे, मग खालचे. नव्या नवऱ्या पदर नीट करायच्या. शेजारचा कोंबडा काचेतल्या कोंबड्याशी भांडायचा आणि दमला की दोघं एकदमच पाणी प्यायला जायचे. आत पोरी पुस्तकात तोंड घालून बसलेल्या आणि सगळ्यांचे खांदे हलतायत. पहिला आठवडा कोणाचाच अभ्यास झाला नाही. माझा तर कोपऱ्यातच मुक्काम होता.

पण आवाज थांबला नाही. थोडा कमी झाला, एवढंच. ट्रक आला की पोरी ओढणी कानाला बांधायच्या. एकीनं कापूस घातला, तो तिच्या कानात अडकला आणि नणंदेनं चिमट्यानं काढला. नणंदेनं फी घेताना प्रत्येकीच्या बापाला सांगितलं होतं की रोड ऐकू येणार नाही. एकेक पोरगी यायची बंद झाली. कोणी भांडलं नाही, फक्त खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. फी कमी आली की हप्ता कमी पडतो. एका महिन्यात नणंदेनं तिच्या पेन्शनीतून भरला, पुढच्या महिन्यात मी कोंबड्या विकून. गटात उभी राहून मी रक्कम सांगायची आणि अध्यक्षबाई म्हणायच्या, "जरा मोठ्यानं, बाई." त्या वाईट नाहीत. पण मला वाटायचं, रोडचा आवाज पोरींना नको तेवढा येतो आणि माझा येत नाही, हा कुठला न्याय. अभ्यासिका बंद पडली असती तर कर्ज माझ्या अंगावर येणार होतं आणि माझ्या अंगावर पैसे म्हणजे राहिलेल्या दोन कोंबड्या.

नणंदेनं काचवाल्याला बोलावलं. तो आला, काचेला हात जोडल्यासारखा उभा राहिला.

"ताई, काच खोटी असन तर मी कारंजा सोडतो."

"कारंजा कायले सोडता? आवाज सोडवा आमचा."

त्यानं खिशातून काडीपेटी काढली आणि एक काडी काचेजवळ पेटवली. "पाहा. मोजा दिवे." काचेत काडीच्या ज्योती एक नाही, चार दिसत होत्या, एकामागे एक. "एक काच असती तर दोन दिसल्या असत्या. चार म्हंजे डबल. बोला आता."

नणंद म्हणाली, "चार दिवे लागले, ठीक. मंग आवाज कुठून येते? माह्या पदरातून?"

तो म्हणाला, वरून येत असेल, स्लॅबमधून येत असेल, आणि तुमचे कान नर्सचे आहेत, बारीक ऐकतात. शेवटी चिडून म्हणाला, "कोणतीबी मशीन आना. मशीननं माही चूक दाखवली तर पुरं काम पुन्हा फुकटात करून देतो."

नणंद बोललेलं विसरत नाही. अभ्यासिकेतल्या एका पोरीची मावसबहीण अमरावतीला इंजिनिअरिंगला होती आणि तिथल्या एका मॅडम आवाज मोजायचं काम करायच्या. काच रोडचा आवाज किती अडवते, हेच त्यांचं काम. त्यांना शिकवायला एखादी रोडजवळची इमारत पाहिजेच होती. पैसे नको म्हणाल्या, फक्त विचारलं, जेवायला काय असेल? नणंदेनं सांगितलं, पातोडी, बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा. त्या म्हणाल्या, रविवारी येते.

मॅडम आल्या तेव्हा मला वाटलं लग्नाचा डीजे आला. गाडीतून एवढा मोठा स्पीकर निघाला, मग तिवई, मग लांब काळ्या वायरी, मग माईक. माईकला कापसाच्या बोंडासारखं गोल मऊ काहीतरी बसवलेलं. मॅडम उंच, पायात बूट आणि साडी खोचलेली. त्यांच्यासोबत ती मावसबहीण. पोरीही सगळ्या जमल्या होत्या, सोडून गेलेल्यासुद्धा, आणि नणंदेनं काचवाल्यालाही बोलावून घेतलं होतं.

मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं. स्पीकर बाहेर ठेवायचा, काचेच्या समोर पण थोडा तिरपा. त्यातून आवाज सोडायचा. एक माईक बाहेर, एक आत. बाहेर किती आवाज, आत किती आवाज, दोन्हीतला फरक काढायचा. "फरक जितका मोठा, तितकी काच चांगली," मॅडम म्हणाल्या. एवढं तर मलाही कळलं. बाहेरचं वजा आतलं. चौथीत वजाबाकी होती.

"पण त्याआधी," त्या म्हणाल्या, "या खोलीत आवाज किती वेळ घुमतो तेही पाहावं लागतं. मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमून मोठा वाटतो. त्याचा हिशोब वेगळा धरायचा. त्यासाठी फुगे."

आम्हाला वाटलं गंमत करतात. पण मावसबहिणीनं पिशवीतून खरंच फुगे काढले. गुलाबी, वाढदिवसाचे. एकेक फुगवायचा, हॉलच्या मध्ये उभं राहून फोडायचा, आणि तो ठो कसा विरत जातो ते मशीन लिहून घेणार. फुगा फोडायला टाचणी पाहिजे होती. माझ्या बांगडीत सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात.

"मावशी, तुम्हीच फोडा," ती मुलगी म्हणाली.

मी फुगा हातात धरला, तोंड पलीकडे केलं, डोळे मिटले आणि पिन टोचली. ती फुग्याला लागलीच नाही, नणंदेच्या दंडाला लागली. तीस वर्षं लोकांना इंजेक्शन देणारी बाई "अवो माय!" करून उडाली. मशीननं तेच लिहून घेतलं. मॅडमनी पडद्यावर पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "हा फुगा धरता येणार नाही." पोरी खुर्च्यांवर लोळायला लागल्या. दुसरा फुगा मी फोडला. तिसऱ्याला धीर आला. चौथ्यानंतर मला वाटायला लागलं, मी आयुष्यभर फुगेच फोडावेत.

मग स्पीकर लावला. त्यातून आवाज आला तो गाण्याचा नाही, नुसता शूऽऽ, धरणाचे दरवाजे उघडल्यासारखा. गावातले लोक धावत आले. कोणी म्हणालं गॅस सुटला. रोडवरची एसटी हळू झाली आणि खिडकीतून डोकी बाहेर आली. शेजारचा कोंबडा कुठं गेला तो संध्याकाळपर्यंत दिसला नाही. आत मावसबहीण माईक घेऊन एकेक जागी उभी राहायची आणि आम्ही सगळ्यांनी श्वास धरून पुतळा व्हायचं. काचवाला पण आत, खर्रा गालात दाबून, पुतळा.

आकडा आला. मॅडमनी पुन्हा पाहिला. चष्मा काढून पाहिला. "एवढ्या जाड डबल काचेनं याच्यापेक्षा खूप जास्त आवाज अडवायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "काच खरी आहे. पण आवाज येतोय."

काचवाला म्हणाला, "पाहा, काच खरी हाय!"

नणंद म्हणाली, "पाहा, आवाज येऊन राह्यला!"

दोघंही खूश झाले आणि दोघांचंही काही सुटलं नाही. मशीननंही शोधलं नाही तर मग कोण शोधणार? सोडून गेलेल्या पोरी एकमेकींकडे पाहत होत्या. मला गटातली पुढची बैठक दिसायला लागली.

मॅडम म्हणाल्या, स्पीकर बंद करा, आता रोडच्याच आवाजावर मोजू. त्यांनी बाहेरचा माईक काचेलाच चिकटवला, कडेला, खांबाजवळ. कानाला मोठे हेडफोन लावले आणि स्वतः बाहेर उभ्या राहिल्या. आत सांगून ठेवलं, "कोणीही हलायचं नाही. खोकला आला तर गिळा."

आम्ही पुन्हा पुतळे. एक ट्रॅक्टर गेला. एक जीप गेली. नणंदेच्या नाकावर माशी बसली होती आणि ती माशीला हाकलत नव्हती, नुसती दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे पाहत होती. मी मान फिरवली. तिकडं काचवाला खर्रा गिळू की नको अशा तोंडानं उभा. मी दुसरीकडं मान फिरवली. पोट दुखायला लागलं होतं. पण मी धरलं. खरंच धरलं होतं.

तेवढ्यात लांबून हॉर्न आला. बँडसारखी सुरुवात, आणि काचेसमोर येता येता शेवटी रेड्याच्या शेपटीवर पाय.

हॉलमधल्या सगळ्या पोरींचे डोळे एकदम माझ्याकडे वळले. पुतळेच, फक्त डोळे वळलेले. एकीच्या ओठांनी आवाज न करता म्हटलं, "आला वं तुहा."

माझे पाय निघाले. हलायचं नाही हे पायांना कोण सांगणार? समोरच्या कोपऱ्यात, जिथं काच संपून खांब लागतो, तिथं मी तोंड घातलं, पदर तोंडात कोंबला आणि हसले. आवाज नव्हता. आवाज मी कधीच बाहेर जाऊ देत नाही. नुसतं फुसफुस, पोटातून.

ट्रक गेला. रोड क्षणभर मोकळा झाला. आणि बाहेर मॅडम दचकून मागे सरकल्या. काचेतून मला दिसत होतं. त्यांना मी दिसत नव्हते. त्यांनी हेडफोन दाबून धरले, माईककडे पाहिलं, मग पळत आत आल्या.

"कोण हसलं?"

मला वाटलं जमीन दुभंगावी. नणंद म्हणाली, "वैनी! मॅडमनं का सांगतलं होतं?"

"रागवू नका हो त्यांना," मॅडम म्हणाल्या. "कुठं उभ्या होत्या तुम्ही? इथं? तोंड कुठं होतं? या कोपऱ्यात? अहो, मला तुमचं हसणं कानात बोलल्यासारखं ऐकू आलं! काचेच्या पलीकडून! असं येऊच शकत नाही!" आणि माझे दोन्ही खांदे धरून म्हणाल्या, "पुन्हा हसा."

त्या पळत बाहेर गेल्या, हेडफोन लावले, हात वर केला. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

हसू येईना. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला हस म्हणत होतं आणि येईना. मी कोपऱ्यात तोंड घालून उभी, घाम फुटलेला.

"हास ना वं!" नणंद म्हणाली. "लगन होऊन आली तवापासून हासून राह्यली, आज कायले बंद पडली?"

काचवाला पुढं आला. "वैनी, माह्याकडं पाहा. मले पाहून माही बायको रोज हासते." त्यानं तोंड वाकडं केलं. त्यात गालातला खर्रा दिसला आणि मला किळसच आली.

शेवटी नणंदेनं हात कमरेवर ठेवले आणि दवाखान्यातला आवाज लावला. "हां, घाबरायचं नाई. मोठा श्वास घ्या. अंग सैल सोडा. हसा. झालं, झालं, काही दुखत नाई."

आधी पोरी फुटल्या. मग मी. पदर तोंडातून कधी सुटला कळलं नाही. इतकी हसले की कोपऱ्यालाच टेकले. बाहेर मॅडम माईक काचेवरून हळूहळू सरकवत होत्या. वर, खाली, मग खांबाच्या कडेला, आणि ओरडल्या, "इथं! इथं! हसत राहा!" हसत राहा म्हणजे काय, थांबवणारं कोण होतं?

काचवाल्यानं त्या कोपऱ्यातली अॅल्युमिनियमची पट्टी आतून उचकटली. बांधणाऱ्यानं खांबच तिरपा बांधला होता. वर काच खांबाला टेकलेली, पण खाली येता येता मधे फट होत गेली होती. बाहेरच्या नावाच्या बोर्डाच्या लाईटची वायर तिथूनच काढलेली. ती फट भरायची सोडून त्यावर पट्टी मारून दिली होती, आतून एक, बाहेरून एक. दिसायला सफाईदार. आणि वायरीच्या भोकात काहीतरी कोंबलेलं होतं. नणंदेनं चिमट्यानं ओढून काढलं. खर्र्याची प्लास्टिकची पन्नी.

सगळ्यांनी काचवाल्याकडं पाहिलं.

"ही माही नाई," तो म्हणाला.

"आधी तोंडातला थुका," नणंद म्हणाली, "मंग सांगा."

मॅडम सांगत होत्या की काच कितीही भारी असो, हवा जायला वाट असली की आवाज तिथूनच घुसतो, जरा फट असली तरी सगळा आकडा बिघडतो. मी ऐकत होते आणि मला आणखी हसू येत होतं. ज्या वाटेनं सगळे ट्रक, ट्रॅक्टर, डीजे आत येत होते, त्याच वाटेनं माझं हसू बाहेर गेलं होतं. सासूनं सांगितलं होतं कोपऱ्याले सांग, आणि हा कोपरा सगळं रोडला सांगून मोकळा झाला.

पातोडी सगळ्यांनी पोटभर खाल्ली. काचवाला वाढायला पुढं होता. मॅडमनी तिसऱ्यांदा रस्सा घेतला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिखट लागलं तरी थांबल्या नाहीत.

काचवाला शब्दाला मात्र खरा निघाला. दुसऱ्याच दिवशी आला, सगळ्या पट्ट्या काढल्या, फटीत स्पंजाची दोरी बसवली, वरून दोन्ही बाजूंनी काळा रबरासारखा मसाला भरला आणि बोटानं गुळगुळीत केला. फक्त तोच कोपरा नाही, चारी कडा. पैसा घेतला नाही. मसाला सुकल्यावर मॅडम पुन्हा आल्या. ह्यावेळी आकडा पाहून त्यांनी चष्मा काढला नाही, नुसती मान हलवली आणि विचारलं, "पातोडी आहे का?"

आणि शांतता आली! पहिल्या दिवशी तर पोरी घाबरल्याच. ट्रक जाताना दिसतो पण वाजत नाही, जसा टीव्हीचा आवाज बंद करावा. मग बाकीचे आवाज निघाले. पंखा टकटक करतो हे आम्हाला तेव्हा कळलं. घड्याळ एवढं मोठ्यानं चालतं? एका पोरीच्या पोटात गुरगुरलं आणि ते सगळ्या हॉलनं ऐकलं. नणंद म्हणाली, "जा माय, जेवून ये, तुह्या पोटालेबी काच लावता येत नाई." सोडून गेलेल्या पोरी परत आल्या, मग त्यांच्या मैत्रिणी आल्या, मग मानोऱ्याकडच्या तांड्यावरून जीपनं येणाऱ्या दोघी आल्या. खुर्च्या वाढवाव्या लागल्या.

एकच घोटाळा झाला. नवऱ्याचा हॉर्न मला ऐकू येईना. तो घरी येऊन रुसला, "दोनदा वाजवला, बाहेर काहून नाई आली?" मी सांगितलं, काच पक्की झाली. त्याला पटलं नाही. पुढच्या खेपेला त्यानं ट्रक बाजूला लावला आणि काचेसमोर येऊन उभा राहिला. आतून दिसतं हे ह्या माणसाला मी किती वेळा सांगितलं असेल. त्यानं आधी मिशा नीट केल्या. मग शर्टाची बटणं. मग काचेतल्या स्वतःकडे पाहून हसून पाहिलं, एकदा दात दाखवून, एकदा न दाखवता, आणि दात न दाखवता बरं दिसतं असं ठरवलं. मग दारातून आत आला, तेच ठरवलेलं हसू घेऊन. तीसेक पोरी त्याच्याकडे पाहत होत्या. मी कोपरा शोधला नाही. वेळच मिळाला नाही.

हप्ते नियमित जायला लागले. दर महिन्याला मी विहारात उभी राहायची आणि रक्कम सांगायची. माझा आवाज कधी वाढला ते मला कळलं नाही, पण अध्यक्षबाईंनी "ऐकू नाई आलं" म्हणणं बंद केलं. मागच्या महिन्यात शेवटचा हप्ता होता. नणंदेनं पैसे माझ्या हातात दिले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी उठले. किती पैसे ते सांगितलं आणि त्याच दमात म्हणाले, "अन् आता काईच बाकी नाई!" इतक्या मोठ्यानं निघालं की मागे एका बाईच्या मांडीवर निजलेलं लेकरू दचकून उठलं आणि रडायला लागलं. बाया हसल्या, नणंद हसली, मी त्या लेकराकडे पाहून हसत होते, तोंडासमोर पदर नाही, काही नाही. अध्यक्षबाईंनी नोटा दोनदा मोजल्या, रबर लावलं, डब्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, "हो बाई, समजलं सगळ्या गावाले. फिटलं कर्ज."